रुग्णालय किती समजावते, हे कसे मोजावे?

मागील अंकात आम्ही असे लिहिले होते की, रुग्णाला स्वतःचा आजार आणि उपचार समजला की नाही याची जबाबदारी एकट्या रुग्णावर टाकता येत नाही. ती रुग्णालयाचीही आहे आणि रुग्णालय ती किती पार पाडते हे मोजता येते. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचे ५० खाटांचे धर्मादाय रुग्णालय आहे. येणारे बहुतेक रुग्ण शेतकरी आणि शेतमजूर कुटुंबांतील असतात. आमच्या विश्वस्त मंडळापुढे असा प्रस्ताव आहे की, नोंदणीच्या खिडकीवरच प्रत्येक रुग्णाची छोटी वाचन-चाचणी घ्यावी आणि ज्यांना कमी गुण मिळतील त्यांच्या केसपेपरवर खूण करावी, म्हणजे डॉक्टर त्यांना अधिक वेळ देतील. हे योग्य होईल का? नसल्यास आम्ही नेमके काय मोजावे?
— एक विश्वस्त

उत्तर : आपल्या मंडळाचा हेतू चांगला आहे, याबद्दल शंका नाही; तरीही ही चाचणी घेऊ नये असेच मी आग्रहाने सांगेन. आजारी माणूस खिडकीपाशी उभा असताना, मागे रांग असताना आणि सोबत सून किंवा जावई असताना त्याला ‘हे वाचून दाखवा’ म्हणणे म्हणजे उपचार सुरू होण्यापूर्वीच त्याचा संकोच वाढवणे आहे. ज्याला वाचता येत नाही तो आयुष्यभर ते झाकत आलेला असतो. ‘चष्मा घरी राहिला’ हे वाक्य आपल्या खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांनी किती वेळा ऐकले आहे, ते त्यांना एकदा विचारून पाहा.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. वाचता येणे आणि दवाखान्यात सांगितलेले समजणे या दोन गोष्टी एक नाहीत. पदवीधर माणूससुद्धा कर्करोगाचे निदान ऐकल्यानंतरच्या दहा मिनिटांत काहीच ऐकू शकत नाही. वेदना, भीती, जागरण आणि घाई यांपुढे शिक्षण फारसे कामाला येत नाही. म्हणून या क्षेत्रातील जाणकार संसर्ग टाळण्याच्या नियमाशी तुलना करतात. कोणाच्या रक्तात कोणता विषाणू आहे हे दिसत नाही, म्हणून परिचारिका प्रत्येकच रुग्णाचे रक्त हाताळताना हातमोजे घालते. त्याचप्रमाणे कोणाला काय समजणार नाही हे चेहऱ्यावरून ओळखता येत नाही, म्हणून सर्वांशीच सोप्या भाषेत, थोडे थोडे आणि खात्री करत बोलावे. अमेरिकेतील आरोग्यसेवा संशोधन आणि गुणवत्ता संस्थेने याच तत्त्वावर २०१० मध्ये दवाखान्यांसाठी एक साधनसंच प्रसिद्ध केला.

या विचारापर्यंत पोहोचायला त्या देशालाही वेळ लागला. १९९० च्या दशकात तेथे रुग्णांच्या चाचण्याच तयार होत होत्या. वैद्यकीय शब्दांची यादी मोठ्याने वाचायला लावणारी एक चाचणी, औषधाच्या बाटलीवरील सूचना समजतात का हे पाहणारी दुसरी. २००३ च्या राष्ट्रीय प्रौढ साक्षरता पाहणीत असे दिसले की ३६ टक्के प्रौढांची आरोग्य-साक्षरता, म्हणजे आरोग्याची माहिती समजून घेऊन वापरण्याची क्षमता, केवळ प्राथमिक किंवा त्याहूनही खालच्या पातळीची होती, आणि पूर्ण प्रवीण म्हणता येतील असे फक्त १२ टक्के होते. जेव्हा एका संपन्न देशातील इतक्या लोकांना कागद समजत नाही, तेव्हा दोष लोकांत शोधायचा की कागदात, हा प्रश्न टाळता येईना. २०१२ मध्ये तेथील वैद्यकीय संस्थेच्या छत्राखाली काही तज्ज्ञांनी ‘आरोग्य-साक्षर संस्था’ कशी असते याची दहा लक्षणे मांडली. नेतृत्वाने हा विषय नियोजनात आणि मोजमापात घेणे, कर्मचाऱ्यांना त्याचे प्रशिक्षण देणे, साहित्य तयार करताना रुग्णांना सामील करणे, वाट सापडेल अशी इमारत ठेवणे, औषधबदल किंवा शस्त्रक्रियेसारख्या जोखमीच्या प्रसंगी विशेष काळजी घेणे आणि खर्च किती येईल हे आधी स्पष्ट सांगणे, ही त्यांतील काही. पुढे २०२० मध्ये जाहीर झालेल्या तेथील राष्ट्रीय आरोग्य-उद्दिष्टांत व्यक्तीची आरोग्य-साक्षरता आणि संस्थेची आरोग्य-साक्षरता अशा दोन स्वतंत्र व्याख्या देण्यात आल्या. लोकांना माहिती आणि सेवा शोधता याव्यात, समजाव्यात आणि वापरता याव्यात यासाठी संस्था सर्वांना समन्यायाने किती सक्षम करते, हा दुसऱ्या व्याख्येचा गाभा आहे. आपल्याला मोजायचे आहे ते हेच.

आता आपण प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. पहिले मोजमाप पायी चालून करायचे असते. हार्वर्ड विद्यापीठातील अभ्यासकांनी २००६ मध्ये रुग्णालयांसाठी जी पद्धत तयार केली तिची सुरुवातही अशाच फेरीपासून होते. रुग्णालयाशी काहीही संबंध नसलेल्या, पूर्वी कधी तेथे न आलेल्या दहा माणसांना बोलवा. प्रत्येकाला सांगा की आधी फोन करून ओपीडीची वेळ विचारा, मग फाटकातून आत या, केसपेपर काढा, रक्त तपासणीच्या खोलीपर्यंत जा आणि शेवटी औषधाच्या खिडकीवर पोहोचा. कोणालाही न विचारता किती जण पोहोचले आणि कोणत्या वळणावर चुकले, एवढेच लिहून ठेवा. ही फेरी झाली की आपल्याला एक गोष्ट जाणवेल, जी मला फार जिव्हाळ्याची वाटते : पाटी मराठीत आहे म्हणजे ती समजते असे नाही. ‘क्ष-किरण विभाग’ शोधणारा रुग्ण मी अद्याप पाहिलेला नाही. सगळे ‘एक्स-रे कुठे काढतात’ असेच विचारतात. ‘अस्थिव्यंगोपचार’ या पाटीखाली बसलेल्या आजीबाई ‘हाडांचे डॉक्टर इथेच का?’ असे दर पाच मिनिटांनी विचारत असतील, तर ती पाटी आपले काम करत नाही. शुद्ध पारिभाषिक शब्दांचा मला आदर आहे, पण पाटी लोकांच्या तोंडातल्या शब्दांत असावी.

दुसरे मोजमाप कागदपत्रांचे. मागील महिन्यातील ३० डिस्चार्ज कार्डे चिठ्ठ्या टाकून निवडा आणि प्रत्येकात चार गोष्टी पाहा : आजाराचे नाव रुग्णाला कळेल अशा शब्दांत मराठीत आहे का, प्रत्येक औषध कशासाठी आहे ते लिहिले आहे का, कोणत्या त्रासासाठी ताबडतोब यावे ते लिहिले आहे का, आणि अक्षर वाचता येते का. शेवटच्या मुद्द्यासाठी नियमाचा आधारही आहे : २०१६ मध्ये वैद्यकांच्या आचारसंहितेत दुरुस्ती होऊन औषधांची मूळ, म्हणजे जेनेरिक, नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत असे सांगितलेले आहे.

तिसरे मोजमाप सर्वांत मोलाचे आहे आणि तेच बहुतेक ठिकाणी टाळले जाते. घरी निघालेल्या रुग्णाला फाटकाशी थांबवून तीनच गोष्टी विचारायच्या : आपल्याला काय झाले आहे, घरी गेल्यावर काय करायचे आहे, आणि ते का करायचे आहे. उत्तर केसपेपरशी ताडून ‘बरोबर’, ‘अर्धवट’ किंवा ‘चुकीचे’ एवढीच नोंद करायची. हे विचारणारी व्यक्ती उपचार करणाऱ्यांपैकी नसावी. जवळच्या महाविद्यालयातील समाजकार्याचे विद्यार्थी हे काम उत्तम करतात. आपल्याकडे रुग्ण डॉक्टरांच्या तोंडावर ‘सगळं छान आहे साहेब’ असेच म्हणतो, आणि त्यात खोटेपणा नसून रीत असते.

औषधांबाबत तोंडी उत्तरावर थांबू नये, गोळ्या हातात देऊन करून दाखवायला सांगावे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ३९५ रुग्णांना औषधांच्या लेबलांवरील सूचना वाचायला दिल्या होत्या. त्यांत ‘दोन गोळ्या दिवसातून दोन वेळा घ्या’ ही सूचना कमी वाचनक्षमतेच्या रुग्णांपैकी सुमारे ७१ टक्के लोकांनी बरोबर सांगितली, पण दिवसभराच्या गोळ्या मोजून दाखवता आल्या त्या फक्त सुमारे ३५ टक्क्यांना. सांगता येणे आणि करता येणे यांतील हे अंतर आपल्या ‘१-०-१’ मध्येही असते. मधले शून्य म्हणजे दुपारी काही नाही, हे लिहिणाऱ्याला जितके उघड वाटते तितके वाचणाऱ्याला वाटेलच असे नाही. आणि औषधाच्या दुकानातून चार गोळ्यांपुरती पट्टी कापून मिळाली की नाव आणि मुदतीची तारीख बहुधा उरलेल्या तुकड्यावर राहते.

आकड्यांबाबत एक सावधगिरी. ३० रुग्णांपैकी १८ जणांनी बरोबर उत्तर दिले तर आपण ६० टक्के म्हणाल. पण इतक्या छोट्या नमुन्यावरून खरा आकडा ४२ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. म्हणून पुढच्या महिन्यात ६७ टक्के आले तर पेढे वाटू नयेत आणि ५३ आले तर कोणाला बोल लावू नये. सहा महिने सारख्याच पद्धतीने मोजा आणि दिशा पाहा. रुग्ण कोणता प्रश्न सर्वांत जास्त चुकतात, ही माहिती टक्क्यांपेक्षा लवकर उपयोगी पडते, कारण दुरुस्ती तेथेच करायची असते.

आपल्याला नवा सांगाडा उभारण्याची गरज नाही, हेही सांगितले पाहिजे. सरकारी रुग्णालयांसाठी २०१३ पासून असलेल्या राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानकांत रुग्णांच्या हक्कांचा स्वतंत्र विभाग आहे. तपासणी चार मार्गांनी होते : स्वतः पाहून, कर्मचाऱ्यांशी बोलून, नोंदी तपासून आणि रुग्णाशी बोलून, आणि प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण दिले जातात. खासगी आणि धर्मादाय रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या मानकांतही रुग्णांचे हक्क आणि शिक्षण यावर एक पूर्ण प्रकरण आहे. त्यांचा आधार जरूर घ्या. मात्र ‘हक्कांचा फलक लावला आहे’ या मुद्द्याला दोन गुण मिळाले म्हणून समाधान मानू नका. तो फलक दाराच्या मागे, ट्यूबलाइटच्या उजेडात चमकणाऱ्या काचेखाली, बारीक अक्षरांत असतो आणि गुण तरीही मिळतात. फलकासमोर बसलेल्या पाच जणांना त्यावरची एक तरी गोष्ट सांगता येते का, हे विचारले म्हणजे मोजमाप पूर्ण झाले.

प्रश्न : मी सोलापूरच्या एका रुग्णालयात वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर आहे. रुग्णाकडून परत सांगवून घ्यावे, असे आपण सुचवता. आमच्याकडे एका पाळीत ३० रुग्णांमागे दोन सिस्टर असतात. वेळ कोठून आणायचा? शिवाय वडीलधाऱ्या माणसांना ‘मी काय सांगितलं ते सांगा’ म्हटले की त्यांना अपमान वाटतो.
— एक परिचारिका

उत्तर : सिस्टर, आपल्या दोन्ही अडचणी खऱ्या आहेत. अपमानाचा प्रश्न शब्दांनी सुटतो, म्हणून आधी तो घेतो. ‘समजलं का?’ या प्रश्नाचे आपल्याकडे एकच उत्तर असते, ते म्हणजे ‘हो’. त्यातून काहीच कळत नाही. ‘सांगा बघू मी काय सांगितलं’ ही शाळेतली भाषा झाली. त्याऐवजी चूक स्वतःकडे घ्यावी : ‘काका, आज मी घाईघाईत बोलले, माझ्याकडून काही राहिलं तर नाही ना? घरी गेल्यावर मावशींना हे औषध कसं समजावून सांगाल?’ येथे काका परीक्षार्थी राहत नाहीत, ते मावशींना सांगणारे जाणते होतात. मी पाहिले आहे की या एका वाक्यानंतर माणसे मोकळेपणाने बोलू लागतात, आणि बोलू लागली की काय निसटले ते लगेच दिसते.

काही शब्द तर हमखास निसटतात. ‘उपाशीपोटी या’ असे सांगितले की कोणी चहा-बिस्किटे खाऊन येतो, आणि ‘उपास करून या’ असे कोणी चुकून म्हणाले तर साबुदाण्याची खिचडी खाऊन येतो. आपल्या घरांत उपासाचा अर्थ तसा आहेच, त्याला रुग्ण काय करणार? ‘रात्री दहानंतर पाण्याशिवाय काही नाही, चहासुद्धा नाही’ असे सांगावे लागते. ‘मीठ कमी करा’ म्हटले की भाजीतले मीठ कमी होते आणि लोणचे, पापड, ठेचा तसाच राहतो. ‘एक चमचा औषध’ हा चहाचा चमचा की पोह्यांचा, हे सांगितल्याशिवाय ५ मिलीलिटरचे माप घरी पोहोचत नाही. ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आला’ हे ऐकून काही चांगले झाले असे समजणारी माणसे आजही भेटतात.

वेळेबाबत मी खोटा दिलासा देणार नाही. ३० रुग्णांमागे दोन सिस्टर ही संख्या अपुरी आहे आणि बोलण्याच्या कौशल्याने ती पुरेशी होत नाही. तरीही सर्वांना सर्व काही परत विचारण्याची गरज नसते. इन्सुलिन नव्याने सुरू झालेले, रक्त पातळ करणारे औषध घेणारे, शस्त्रक्रियेनंतर घरी जाणारे आणि बाळंतीण, एवढ्यांपासून सुरुवात करा आणि प्रत्येकाला जिवाशी संबंधित एकच गोष्ट परत सांगायला लावा. महिनाभर एका वहीत तीन रकाने ठेवा : विचारले का, पहिल्यांदा बरोबर सांगितले का, पुन्हा समजावल्यावर बरोबर सांगितले का. दुसऱ्या रकान्यातील नकार हे आपले अपयश मानू नका. तो नकार सापडला नसता तर चूक घरी गेली असती. आणि हीच वही अधिक मनुष्यबळ मागताना व्यवस्थापनापुढे ठेवता येते. ‘वेळ मिळत नाही’ या तक्रारीपेक्षा ‘४० पैकी १५ जणांना पहिल्यांदा समजले नाही आणि १२ जणांना विचारताच आले नाही’ ही नोंद जास्त वजनदार ठरते.

प्रश्न : मी पुण्यात आरोग्यविषयक माहितीपत्रके तयार करतो. इंग्रजीत मजकूर किती सोपा आहे हे मोजण्याची सूत्रे आहेत. मराठीसाठी तीच वापरता येतील का?
— एक लेखक

उत्तर : वापरू नयेत. ती सूत्रे वाक्यातील शब्दसंख्या आणि शब्दांतील उच्चारखंड (सिलॅबल) मोजतात, आणि इंग्रजीत लांब शब्द बहुधा अवघड असतो, या गृहीतावर उभी आहेत. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात. ‘जेवणानंतरसुद्धा’ हा लांबलचक शब्द चौथीतल्या मुलाला कळतो आणि ‘क्षय’ हा दोन अक्षरी शब्द मोठ्यांनाही अडतो. ‘टीबी’ म्हटले की कळते. सूत्र पहिल्याला अवघड म्हणेल आणि दुसऱ्याला सोपा.

पत्रक मोजण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे ज्यांच्यासाठी ते लिहिले आहे अशा सहा-सात जणांना ते देणे आणि वाचून झाल्यावर ‘आता तुम्ही काय कराल?’ असे विचारणे. जेथे दोघे अडखळतील ते वाक्य बदलायचे, मग नव्या सहा-सात जणांकडे जायचे. याखेरीज अमेरिकेत २०१३ पासून वापरात असलेली एक तपासयादी आहे, ती कोणत्याही भाषेच्या पत्रकाला लावता येते, कारण तिच्यात मजकूर समजतो का आणि वाचणाऱ्याला नेमके काय करायचे ते कळते का, असे दोन वेगळे गुण दिले जातात. आपल्याकडील पुष्कळ पत्रके दुसऱ्या कसोटीत मागे पडतात. मधुमेह म्हणजे काय, स्वादुपिंड कोठे असते, जगात किती रुग्ण आहेत हे सगळे असते. पायाला जखम झाली तर आज संध्याकाळी काय करायचे, हे नसते.

प्रश्न : मी मुंबईत सार्वजनिक आरोग्य या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. प्रबंधासाठी संस्थांची आरोग्य-साक्षरता मोजणारी परदेशी प्रश्नावली मराठीत भाषांतर करून २० रुग्णालयांना पाठवण्याचा विचार आहे. आपले मत काय?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : जर्मनीत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली दहा प्रश्नांची प्रश्नावली बहुधा आपल्या डोळ्यांसमोर असावी, ती पूर्वी सांगितलेल्या दहा लक्षणांवर बेतलेली आहे. ती आटोपशीर आहे, पण ती रुग्णालयातील जबाबदार व्यक्ती भरते, ही तिची मर्यादा लक्षात ठेवा. ‘आपल्याकडे रुग्णांना समजेल अशी माहिती दिली जाते का?’ असे व्यवस्थापकाला विचारले तर तो प्रामाणिकपणेही ‘बऱ्याच प्रमाणात’ असेच म्हणेल, कारण त्याला छापलेली पत्रके दिसतात, न समजलेला रुग्ण दिसत नाही.

२० रुग्णालयांऐवजी चार घ्या आणि प्रत्येक ठिकाणी व्यवस्थापक, परिचारिका आणि रुग्ण या तिघांना एकाच गोष्टीबद्दल विचारा. तिघांच्या उत्तरांतील तफावत हाच आपल्या प्रबंधाचा खरा निष्कर्ष ठरू शकेल. भाषांतर करताना दोन जणांकडून स्वतंत्र भाषांतरे करून घ्या, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याकडून ते उलट इंग्रजीत आणा, आणि प्रत्यक्ष वापरापूर्वी काही जणांना प्रश्न वाचून ‘तुम्हाला यातून काय विचारले आहे असे वाटते?’ असे विचारा.

प्रश्न : आम्ही अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये राहतो. माझी ७४ वर्षांची आई तेथे रुग्णालयात दाखल होती. तिला इंग्रजी जेमतेम येते. डॉक्टरांचे बोलणे मीच मराठीत सांगत होतो. घरी आल्यावर मत विचारणारे एक सर्वेक्षण इंग्रजीतून आले. अशा सर्वेक्षणाचा काही उपयोग होतो का?
— एक वाचक

उत्तर : होतो. तेथील रुग्णालयांचे हे राष्ट्रीय सर्वेक्षण असेल तर त्याचे निकाल २००८ पासून जाहीर केले जातात. ‘डॉक्टरांनी तुम्हाला समजेल अशा रीतीने किती वेळा समजावले?’, ‘नवे औषध देण्यापूर्वी ते कशासाठी आहे हे किती वेळा सांगितले?’ असे प्रश्न त्यात असतात आणि ‘नेहमी’ असे उत्तर देणाऱ्यांचे प्रमाण जाहीर निकालात प्रामुख्याने मांडले जाते. मात्र या सर्वेक्षणाच्या अधिकृत भाषांत मराठी नाही. त्यामुळे जिला सर्वांत कमी समजले असेल तिचेच उत्तर मोजमापातून गळण्याची शक्यता अधिक राहते, आणि रुग्णालयाचे गुण होते त्यापेक्षा चांगले दिसतात.

पुढच्या वेळी नोंदणी करतानाच आईची भाषा मराठी आहे असे लिहायला सांगा आणि दुभाषी मागा. केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या तेथील रुग्णालयांवर पात्र दुभाषी विनामूल्य देण्याचे कायदेशीर बंधन आहे. तो फोनवरून किंवा व्हिडिओवरून असू शकतो. आपण मुलगा म्हणून तेथे जरूर असावे, पण भाषांतराचे ओझे आपल्यावर नसावे. आईला सांगायला जड जाईल असे निदान मुलाकडून भाषांतरित होताना बहुधा मऊ होते, आणि आईही मुलासमोर काही प्रश्न विचारत नाही.

प्रश्न : नंदुरबार जिल्ह्यात धडगाव परिसरात मी आरोग्य कार्यकर्ता म्हणून काम करतो. आमचे लोक पावरी आणि भिली बोलतात. दवाखान्यात सगळे मराठीतून चालते. आपण मराठीत समजावण्याबद्दल लिहिता, पण आमच्यासाठी मराठीच परकी आहे. आमच्याकडे काय मोजायचे?
— एक कार्यकर्ता

उत्तर : आपले पत्र वाचून मला मागील अंकातील माझ्याच लेखाची त्रुटी दिसली. ‘सोप्या मराठीत सांगा’ असे लिहिताना मी मराठी ही सर्वांची आहे असे धरून चाललो होतो. या मुद्द्यावर पुढील अंकांत स्वतंत्रपणे लिहीन.

आपल्याकडे शब्दांच्याही आधी एक प्रश्न येतो : लोक या इमारतीत यायला धजावतात का? गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने शोधग्राम येथे रुग्णालय उभारताना आदिवासींनाच विचारले होते की तुम्हाला दवाखाना कसा हवा. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना सोबत राहता आले पाहिजे, असे लोकांनी सांगितले. त्यामुळे रुग्णालय गावातल्या झोपड्यांसारखे बांधले गेले आणि त्याला लोकांच्या देवीचे, मां दंतेश्वरीचे, नाव मिळाले. दहा लक्षणांची यादी तयार होण्याच्या पुष्कळ आधी हे झाले होते. साहित्य आणि सेवा तयार करतानाच लोकांना सामील करावे, हे त्या यादीतील लक्षण येथे विटामातीत उतरलेले आहे.

आपल्या दवाखान्यात तीन मोजणी सुचवतो. केसपेपरवर ‘घरी कोणती भाषा बोलता?’ हा रकाना सुरू करा, कारण आज या प्रश्नाचा आकडा कोणाकडेच नसेल, तर पावरी बोलणारा कर्मचारी मागायचा कोणत्या आधारावर? दुसरे, एका आठवड्यात पावरी किंवा भिली बोलणारे किती रुग्ण आले आणि त्यांपैकी किती जणांशी त्यांच्या भाषेत कोणी बोलले, हे लिहा. येथे आशाताई बोलल्या की झाडू मारणारे मामा बोलले, हेही लिहा, कारण पुष्कळ ठिकाणी दुभाषाचे काम मामाच करतात आणि त्यांना ना त्याचे प्रशिक्षण मिळते, ना मोबदला. तिसरे, तीन प्रश्नांची जी फाटकावरची विचारणा विश्वस्तांना सुचवली, ती आपण पावरीत करा आणि उत्तरे रुग्णाच्या मूळ शब्दांतच टिपून ठेवा, मराठीत आणू नका. रक्त कमी असणे, अंगावरून जाणे, बाळाचा श्वास लागणे यांसाठी लोकांचे स्वतःचे शब्द असतात. शंभरेक उत्तरे जमली की त्या शब्दांची यादी डॉक्टरांच्या टेबलावरील काचेखाली ठेवा आणि दर तीन महिन्यांनी तीत भर घाला.